ईसीएम गेला म्हणतात, पण तो गेलाय हे बघितलं कुणी?

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो, चुकत असेन तर सांगा. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. सकाळी थंड असताना गाडी मस्त, अर्धापाऊण तास चालली की अचानक बंद, जास्त करून खंबाटकी चढताना. वीसेक मिनिटं थांबलं की सेल्फ मारल्यावर परत चालू, जसं काही झालंच नाही. स्कॅनरवर तीन कोड आले, पी०३३५, पी०६४१ आणि यू०१००. गॅरेजवाल्याने तीन कोड बघून ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) खराब असं सांगितलं, नवीन चाळीस हजार. दुसरा एकजण भंगारातल्या गाडीचा आठ हजारात आणून लावून देतो म्हणतोय. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता यातलं काहीच करू नका. चाळीस आणि आठ यातलं निवडायचा प्रश्न अजून आलेलाच नाही, कारण ईसीएम खराब आहे हे अजून कुणी मोजून दाखवलेलं नाही, फक्त कोड वाचलेत. कोड म्हणजे ईसीएमची तक्रार असते, निदान नसतं. मी सांगलीत गाड्यांचं वायरिंगचं आणि ईसीएमचंच काम करतो, आणि 'ईसीएम गेलाय' असा शिक्का मारून येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये बिघाड ईसीएमच्या बाहेर निघतो. रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग, एखादा सेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर, नाहीतर किटवाल्याने मारलेला जॉइंट. ईसीएम जातच नाही असं मी म्हणत नाही, जातो, त्याचंही पुढे सांगतो, पण तो रांगेतला शेवटचा संशयित आहे.

आता गाडी माझ्यासमोर नाही आणि प्रत्येक कंपनीचं वायरिंग वेगळं, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या गाडीत कशा आहेत त्यावर अवलंबून राहणार. त्या त्या ठिकाणी सांगतो.

पहिलं, कोड कुणी लिहिले ते बघा. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय का, किती फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) सर्किटची तक्रार, पी०६४१ म्हणजे सेन्सरना जो ५ व्होल्ट पुरवठा ईसीएम देतो तो हलला. हे दोन्ही ईसीएमने स्वतः लिहिलेत. यू०१०० मात्र दुसऱ्याने लिहिलेला असतो, म्हणजे एबीएस (ब्रेकचं) किंवा बॉडी मॉड्यूल (लाइट, लॉक वगैरेचं) म्हणतंय की इंजिनचा ईसीएम मला लाइनवर ऐकूच येईना. आता ईसीएम लाइनवरून गायब होतो तो चार कारणांनी, त्याचा करंट तुटला, अर्थिंग तुटलं, कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायर) तुटली किंवा शॉर्ट झाली, नाहीतर तो खरंच आतून गेला. पहिली तिन्ही कारणं चौथ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. आणि हा यू कोड बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारल्यानेही कधीकधी पडून राहतो, म्हणून आधी तिन्ही कोड लिहून घ्या, शक्य असेल तर फ्रीझ फ्रेमचा (कोड पडला त्या क्षणीचे आकडे) फोटो काढा, मग पुसा आणि गाडी बंद पडल्यावर परत कोणता येतो ते बघा. जुने कोड धरून बसलं की माणूस भलतीकडे जातो.

दुसरं, क्रँक सेन्सरच्या कपलरला (वायरी जोडणारा प्लग) वायरी किती आहेत ते मोजा. दोन असतील तर तो बहुतेक मॅग्नेटिक कॉइलवाला, त्याला बाहेरून व्होल्टेज लागत नाही, म्हणजे ५ व्होल्ट पडण्याशी त्याचा थेट संबंध नाही आणि दोन वेगळे बिघाड शोधावे लागतील. (दोन वायरींचे हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेले, पण असतात, पण कमी.) तीन असतील तर साधारणपणे हॉल सेन्सर, त्याला पुरवठा लागतो, आणि तो जर त्याच ५ व्होल्टच्या लाइनवर असेल तर पी०३३५ आणि पी०६४१ हे एकाच बिघाडाचे दोन कोड आहेत. ५ व्होल्ट बसले, क्रँक सेन्सर मेला, स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद, गाडी बंद. एवढ्याशा मोजणीने अर्धं काम होतं आणि त्याला स्कॅनर पण लागत नाही.

आता खरं काम, गाडी बंद पडते त्याच क्षणी काय काय जिवंत आहे ते बघणं. हायवेवर हे करू नका, घाटात तर अजिबात नको. घराच्या अंगणात नाहीतर गॅरेजमध्ये बॉनेट बंद करून एसी लावून गाडी आयडलला तापू द्या, मधेमधे रेस द्या. बंद पडली की लगेच परत चालू करायची घाई करू नका, हीच तर वेळ असते, वीस मिनिटं गेली की पुरावा गेला. चावी ऑन करा आणि चार गोष्टी बघा. चेक इंजिन लाइट लागतो का. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंदांचा आवाज येतो का. स्कॅनर ईसीएमशी बोलतो का. आणि सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम दिसतो का.

स्कॅनर बोलतोय पण सेल्फ मारताना आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याच्या वायरी धरा, ईसीएमला सोडा. आरपीएम दिसतोय पण गाडी धरत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्ककडे जा. आणि काहीच जिवंत नाही, लाइट नाही पंप नाही स्कॅनर नाही, तर ईसीएमचा करंट आणि अर्थिंग, तिथे पहिला हात. एक गोष्ट, काही गाड्यांत डॅशबोर्डचा मीटर स्वतःहून लाइट लावून दाखवतो, ईसीएम मेलेला असला तरी, त्यामुळे एकट्या लाइटवर विसंबू नका, पंप आणि स्कॅनर सोबत धरा.

तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त संशय कुठे येतो सांगू? किटवर. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून गॅसच्या कंट्रोलरमधून फिरवतात, करंट कुठल्यातरी इग्निशनच्या वायरवरून घेतात, आरपीएमचा सिग्नल कॉइलवरून नाहीतर सेन्सरवरून उचलतात. आणि बऱ्याच गाड्यांना गॅसवर पिकअप मिळावा म्हणून टायमिंग ॲडव्हान्सर लावलेला असतो, एक छोटी डबी, ती क्रँक सेन्सरची वायर कापून मधे बसते. म्हणजे क्रँकचा सिग्नल ईसीएमला थेट मिळतच नाही, त्या डबीतून जातो. डबी तापली, आतला जॉइंट सुटला की पी०३३५, गाडी बंद, गार झाली की चालू. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात, अगदी घाट चढताना बंद पडण्यासकट, कारण चढाला बॉनेटखाली जास्त तापतं आणि लोडवर इंजिन माउंटिंगवर हलतं, वायरी ताणल्या जातात. नुसतं स्विच पेट्रोलवर करून चालवून बघितलं म्हणजे किट बाजूला झालं असं नाही, कारण कापलेली वायर कापलेलीच असते. डबी काढा, कंपनीची वायर मूळ होती तशी सोल्डर करून जोडा, वर हीटश्रिंक, आणि मग दोनचार दिवस पेट्रोलवर चालवा. किटवाले पिळा मारून काळी टेप गुंडाळतात, ती टेप उन्हाळ्यात वितळून चिकट होते आणि आत तांब्याला हिरवं चढतं, ते जॉइंट सगळे उघडून बघा.

किट निर्दोष निघालं तर मेन रिले. ईसीएमचा मुख्य करंट या रिलेतून येतो, आतले पॉइंट जळलेले असले किंवा कॉइल तापल्यावर सोडून देत असली की ईसीएम झटक्यात बंद. फ्यूज बॉक्समध्ये बहुधा त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, हॉर्नचा नाहीतर फॅनचा, अंगावरचा नंबर आणि पिना जुळवून अदलाबदल करून बघा. यापेक्षा स्वस्त टेस्ट नाही. रिले काढलाच आहे तर खालच्या सॉकेटच्या पिना पण बघा, तापून पिवळ्या पडल्यात का, ढिल्या झाल्यात का.

मग अर्थिंग, आणि इथे मल्टिमीटरवाले हमखास फसतात. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. म्हणून लोड लावून बघायचं. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब वापरतो, दोन वायरी सोल्डर केलेला, टोकाला बारीक पिना. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ईसीएमचा कपलर काढायचा, निगेटिव्ह परत लावायची. डायग्रामवरून अर्थच्या पिना शोधायच्या आणि बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं त्या अर्थच्या पिनेला. बल्ब थेट बॅटरीवर लावल्यावर जेवढा लख्ख पेटतो तेवढाच इथे पेटला पाहिजे. पिवळट पेटला की अर्थ खराब, मीटर काहीही म्हणो. पॉझिटिव्हच्या पिनांचंही तसंच, फक्त बल्बचं दुसरं टोक निगेटिव्हला, आणि ज्या पिनेचा करंट मेन रिलेतून येतो तिच्यासाठी रिले बाहेरून करंट देऊन चालू करावा लागतो, कारण बऱ्याच गाड्यांत तो रिले ईसीएमच चालू करतो आणि तो तर आपण काढून ठेवलाय. पण जाडजूड प्रोब कपलरच्या फिमेल पिनेत खुपसू नका, पीन पसरते आणि एक नवीन बिघाड आपणच तयार करतो. आणि हा बल्ब सेन्सरच्या किंवा ५ व्होल्टच्या पिनेला चुकूनही लावायचा नाही.

कपलर न काढता पण बघता येतं. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, फॅन सगळं चालू, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल वायर ईसीएमच्या अर्थच्या वायरीत मागून बारीक पिनेने. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३ किंवा ०.५ दिसायला लागलं की तो अर्थचा नट शोधा, बहुतेक वेळा इंजिन किंवा गिअरबॉक्सवर असतो, आणि त्याच नटाखाली किटवाल्याने, हॉर्नवाल्याने, म्युझिक सिस्टिमवाल्याने आपापली वायर कोंबलेली असते. खोलून, घासून, कंपनीची आयलेट एकटी त्या जागेवर घट्ट बसवा. मीटर हातात आहेच तर चार्जिंग पण बघा, साधारण १३.८ ते १४.६ व्होल्ट, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टच्या रेंजवर करून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचे डायोड गेलेत, त्याने ईसीएम वेड्यासारखा वागतो.

आता ५ व्होल्ट. मॅप सेन्सरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) कपलरवर मागून मीटर लावून ठेवा आणि गाडी तापवा. चांगल्या गाडीत आकडा ४.९ ते ५.१ च्या आसपास ठाम असतो. बंद पडताना तो दोन-अडीचवर किंवा शून्यावर आला, तर मीटर तसाच लावलेला ठेवून त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा टणकन पाचवर उडी मारतो, तो चोर. सगळे काढून पण आकडा खालीच असेल तर ईसीएमच्या कपलरमधून फक्त ती ५ व्होल्टची पीन काढायची आणि ईसीएमच्या बाजूला मोजायचं. तिथे ५ आले तर वायरिंग शॉर्ट. तिथेही आले नाहीत, आणि करंट व अर्थिंग आपण बल्बने पक्कं बघितलेलं आहे, तर मग ईसीएम. ईसीएमला दोषी ठरवायची मला पटणारी पद्धत ही आहे, कोड बघून नव्हे. काही गाड्यांत ५ व्होल्टच्या दोन किंवा तीन वेगळ्या लाइनी असतात, म्हणून डायग्राम हवाच, अंदाजाने पीन काढू नका.

आमच्याकडे एक गाडी टोचन करून आलेली, दुसरीकडे ईसीएम बदलून झालेला आणि तरी बंद पडायची. मालक सहज बोलून गेला की एसी लावला की त्रास जास्त. बऱ्याच गाड्यांत एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर याच ५ व्होल्टच्या लाइनवर असतो. त्याची वायर रेडिएटर फॅनच्या मागून जाताना एका लोखंडी क्लॅम्पला घासून घासून तांबं उघडं पडलेलं, एवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि लोडवर इंजिन हललं की ते क्लॅम्पला टेकायचं. वायर दुरुस्त केली, फ्लेक्सी नळी चढवली, काम झालं. नवीन ईसीएमचे पैसे मात्र गेलेच, कारण बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा कुणी परत घेत नाही. म्हणून तुम्हाला पण विचारतो, बंद पडते तेव्हा एसी चालू असतो का?

आतापर्यंतचं सगळं ओके निघालं तर मग ईसीएमकडे. तो मरतो कशाने? पाण्याने पहिला. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला ज्या गाड्या बुडाल्या, त्यात कपलर उघडला की पिनांवर हिरवट पांढरा थर, आणि पाणी नुसतं वरून जात नाही, वायरीच्या आतून तारांमधून चढत जातं. दुसरं, उलटी जंप केबल. तिसरं, बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग. चौथं, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर, त्याने ईसीएममधला ड्रायव्हर (त्या कॉइलला, इंजेक्टरला चालवणारं सर्किट) जळतो. हे चौथं फार महत्त्वाचं, कारण कॉइल तशीच ठेवून नवीन ईसीएम लावला तर तो पण जळणार. नवीन लावायच्या आधी जुना कशाने गेला हे कळलंच पाहिजे. पेट्रोल इंजेक्टर ओहमवर मोजा, साधारण १२ ते १६ येतात, एखादा दोन-तीनवर असेल तर तो बदला. बाकी पी०६०१ ते पी०६०६ हे कोड ईसीएमच्या स्वतःच्या मेमरी, प्रोग्राम आणि प्रोसेसरचे, ते चांगल्या बॅटरीवर पुसून परत येत असतील तर संशय पक्का होतो. तुमच्याकडे यातला एकही नाही हे लक्षात घ्या.

तापल्यावरच होणारा बिघाड असेल तर हेअर ड्रायरने खात्री करता येते. थंड गाडी चालू करा आणि एका वेळी एकाच गोष्टीला हवा द्या, आधी क्रँक सेन्सर, मग रिले, मग ईसीएमची पेटी, हात लावता येईल इतकंच गरम. ज्याला हवा देताना बंद पडते त्याचं नाव लिहा.

समजा ईसीएमच निघाला. मग भंगारातला आठ हजारवाला 'आणून लावून देतो' हे तसं होत नाही. ईसीएम आणि चावीचा इमोबिलायझर (चोरीपासून वाचवणारं लॉक) एकमेकांना ओळखतात, परका ईसीएम लावला की गाडी सेल्फच घेत नाही किंवा एक-दोन सेकंद चालू होऊन बंद. तो नवीन असेल तर कंपनीच्या स्कॅनरने पेअर करता येतो, जुना वापरलेला असेल तर अनेक गाड्यांत होत नाही, मग तुमच्या ईसीएमचा डेटा वाचून त्याच्यात उतरवावा लागतो, म्हणजे क्लोन. त्यासाठी तुमचा मूळ ईसीएम लागतो, त्यामुळे तो कुणाला एक्सचेंजमध्ये देऊ नका, फेकू तर नकाच. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, नुसतं मॉडेल तेच असून चालत नाही, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचा वेगळा असतो. (डिझेलवाले वाचत असतील तर, नवीन ईसीएममध्ये इंजेक्टरचे कोड भरावे लागतात, नाहीतर धूर आणि ठोके.) कुणी 'इमोबिलायझर ऑफ करून देतो' म्हणालं तर मी तरी करत नाही, चोराचं काम सोपं होतं.

माझा क्रम विचाराल तर ड्रायव्हर किंवा पॉवर सेक्शन गेलेला असेल तर आधी बोर्ड रिपेअर, चांगला बेंचवाला (ईसीएमचा बोर्ड दुरुस्त करणारा) काय जळलं होतं त्याचा फोटो दाखवतो आणि महिन्या-दोन महिन्यांची तरी गॅरंटी देतो. ते जमत नसेल तर त्याच नंबरच्या जुन्यावर क्लोन. पाण्यात बुडालेला असेल तर रिपेअरच्या नादी न लागता सरळ नवीन, कारण गंज नंतर परत डोकं वर काढतो. बसवताना बॅटरीची निगेटिव्ह काढून पाचदहा मिनिटं थांबायचं, पिनांना बोट लावायचं नाही, आणि प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरीला चांगला सपोर्ट चार्जर लावलेला हवा, मधेच व्होल्टेज पडलं तर नवा कोरा ईसीएम तिथेच विटेसारखा होतो. नंतर थ्रॉटल आणि आयडलचं लर्निंग करून घ्यायचं, नाहीतर आयडल वरखाली होतं आणि परत तुम्ही म्हणाल ईसीएम खराब.

गॅरेजवाल्याशी भांडू नका, पण त्याला सांगा की तपासायच्या वेळेचे वेगळे पैसे देतो, मला बल्बचा रिझल्ट आणि ५ व्होल्टचा आकडा लिहून दे. आपल्याकडे लोक पार्टचे पैसे देतात आणि तपासणी फुकट मागतात, मग तो पण काय करणार, पार्टच बदलणार. तो नाहीच म्हणाला तर डायग्राम वाचू शकणारा वायरमन शोधा.

क्रँक सेन्सरला किती वायरी आहेत, टायमिंग ॲडव्हान्सर लावलाय का, एसी चालू असताना जास्त होतं का आणि बंद पडल्यावर स्कॅनर बोलतो का, एवढं बघून कळवा. ॲडव्हान्सर असेल तर बाकी काही करायच्या आधी तोच काढा.